तास मिळवलास का?

आधीच क्षमा मागतो. कुणाविषयी लिहावं असा माझा अधिकार नाही. आमच्या घरात पाटीवर अक्षर काढणारा मी पहिलाच. वडील बेळगावकडच्या आमच्या गावी हातमागावर बसतात आणि माझं पत्र गेलं की ते वाचून घ्यायला अजून देवळातल्या पुजाऱ्याकडे जातात. मी इथे बंगळूरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आजवर मी जे लिहिलं ते प्रयोगवहीत लिहिलं. तिथे आधी कृती, मग निरीक्षण, मग निष्कर्ष असा क्रम असतो. माणसाचा क्रम कसा लावायचा ते मला ठाऊक नाही. पण पारकरअण्णांचा मला दोन वर्षं राग होता, नंतर दुसऱ्यांचा आला, मग स्वतःचा आला, आणि आता परीक्षा तोंडावर असताना तो डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

पारकरअण्णांना कुणीही कुठलीही वेळ सांगितली की ते एकच प्रश्न विचारत. "तास मिळवलास का?"

गाडी सात वाजता सुटते म्हटलं, की "तास मिळवलास का?" डॉक्टर पाचला बसतात म्हटलं, तरी तेच. आमच्या घरमालकीण लक्ष्मम्मांच्या मुलीचा मुहूर्त नऊ वाजून बारा मिनिटांचा होता. पत्रिका घेऊन त्या स्वतः आल्या, तर अण्णांनी पत्रिका हातातही न घेता भटजींनी तास मिळवलाय का, अशी चौकशी केली. लक्ष्मम्मांना मराठी अर्धंच कळतं. त्या "स्वल्प तडीरि अण्णा, विचारून सांगते," म्हणाल्या. स्वल्प तडीरि म्हणजे जरा थांबा. इथल्या माणसाच्या तोंडी हे दिवसातून पन्नास वेळा येतं, आणि पन्नास वेळा अण्णांचं माथं फिरे.

"स्वल्प म्हणजे किती? मिनिटं सांगा. चार? चाळीस?"

"स्वल्प म्हणजे स्वल्प," लक्ष्मम्मा म्हणत आणि निघून जात.

अलसूरच्या तळ्यामागे आमचं वठार आहे. मधे अंगण, भोवती आठ बिऱ्हाडं, आणि सगळ्यांत मिळून एक नळ. अण्णा कोपऱ्यातल्या खोलीत एकटे राहत. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, भुवया जाड आणि कायम एकमेकींवर चालून आलेल्या. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. मी पहिल्या वर्षाला शेजारच्या खोलीत राहायला आलो तेव्हा ट्रंक खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, "कुठला तू?"

मी गाव सांगितलं.

"नदी आहे?"

"ओढा आहे."

"मग काय उपयोग," ते म्हणाले आणि दार लावून घेतलं.

ते स्वतः कोकणातल्या खारेबंदर नावाच्या लहानशा गावचे. समुद्रापासून आत दोन-तीन कोसांवर, नदीच्या काठी, भरतीचं पाणी पार गावच्या धक्क्यापर्यंत येतं असं ते गाव. बंगळूरला नदी नाही ह्याचा त्यांना जो राग होता तो एखाद्याला सावकाराचाही येत नसेल. एका संध्याकाळी ते मला तळ्याच्या काठी घेऊन गेले. माझी समजूत अशी की फिरायला.

"हे बघ," ते काठी पाण्याकडे रोखत म्हणाले. "सकाळी इथे होतं. आता इथेच. उद्याही इथेच. लाज आहे का ह्याला? पाणी म्हणवतं स्वतःला."

थंड हवेचाही त्यांना राग. घाम न येणाऱ्या माणसांवर भरवसा कसा ठेवायचा, असं ते म्हणत. मी एकदा धीर करून म्हटलं, "मग अण्णा, खारेबंदरची माणसं चांगली असतील."

"ती? एकजात नालायक. आंबे बरे आहेत."

शहराबाहेरच्या एका सरकारी कारखान्यात ते टाइमकीपर होते. फाटकापाशी त्यांची खिडकी. प्रत्येक कामगाराने फळीवरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला काढून पेटीत टाकायचा, आणि भोंगा झाला की अण्णांनी पेटी बंद करायची. उशिरा येणाऱ्यांवर टाइमकीपर चिडतो ह्यात नवल नाही. अण्णा लवकर येणाऱ्यांवर चिडत. भोंग्याच्या आधी वीस मिनिटं येऊन फाटकाशी बिडी ओढणारा माणूस दिसला की ते खिडकीतून अर्धे बाहेर येत. "उशिरा येणारा निदान लाजतो तरी. तू वर छाती काढून उभा. कुणी सांगितलं होतं आधी यायला? आधी येऊन केलंस काय?" कानडी कामगार त्यांना गंटेअण्णा म्हणत. गंटे म्हणजे तास. एकदा कारखान्याचे मोठे साहेब काही कामासाठी पहाटेच गाडी घेऊन आले, तर अण्णांनी फाटक उघडलं नाही. साहेब गाडीतून उतरले, खिडकीशी आले, नाव सांगितलं. अण्णा म्हणाले, "नाव ठाऊक आहे साहेब. वेळ झालेली नाही." साहेब अकरा मिनिटं उभे राहिले. ह्यावर चौकशी बसली. चौकशी साडेदहाला होती. अण्णा साडेदहालाच गेले आणि साहेब दहा पंचवीसला येऊन बसले होते म्हणून तिथेही बोलून आले.

हे सगळं ऐकताना हसू येतं, मलाही यायचं. पण शेजारी राहून बघावं. माझी पहिली वार्षिक परीक्षा. आमच्या घराण्यातली म्हणा ना, कॉलेजातली पहिली परीक्षा. रात्री झोप नाही. पेपर दहाचा, आणि मी आठ वाजताच आंघोळ करून, वडिलांनी पाठवलेला नवा सदरा घालून सायकल बाहेर काढली, तर अण्णांनी वठाराच्या दिंडीला कुलूप घातलं आणि किल्ली बंडीच्या खिशात टाकली.

"कॉलेज किती लांब?"

"पंचवीस मिनिटं."

"मग बस. आधी जाऊन मधेच अडकायचंय का?"

"अडकेन कशाने अण्णा? रस्ता आहे."

"तास मिळवलास का?"

मी हात जोडले. रडकुंडीला आलो. लक्ष्मम्मा मधे पडल्या, तर त्यांच्यावर ओरडले. नऊ पस्तीसला कुलूप निघालं. घंटा होत असताना मी वर्गात शिरलो, पहिला प्रश्न चारदा वाचला तरी कळेना. पास झालो, पण जो वर्ग मिळायला हवा होता तो मिळाला नाही. त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

त्यांचं दुसरं वेड शनिवारचं. शनिवारी दुपारी ते पंचांग, पोस्टकार्ड आणि टाक घेऊन अंगणात पाटावर बसत. त्या वेळी नळही बंद ठेवावा लागे, कारण आवाजाने हिशेब चुकतो. कार्डावर सात ओळी. एकीकडे तिथी, पुढे वेळ. वर मायना नाही, खाली सही नाही. कार्ड जाई खारेबंदरच्या समोर, नदीपलीकडे एक वाडी आहे तिथे, त्यांच्या थोरल्या बहिणीला. तिला ते आक्का म्हणत. आक्काचं उत्तर कधी आलेलं मी पाहिलं नाही.

त्या वेळा भरतीच्या होत्या. किनाऱ्यावरच्या माणसाला घड्याळ लागत नाही म्हणे. तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की समुद्रावर पूर्ण भरती किती वाजता ते कळतं. चतुर्थी असेल तर तीन वाजता. अष्टमी असेल तर सहा. पण ही झाली समुद्राच्या तोंडाशी. तिथून पाणी नदीने वर चढत खारेबंदरच्या धक्क्याला यायला आणखी एक तास. म्हणजे चतुर्थीला चार. मला विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून हे फार आवडलं, आणि कौतुक म्हणून मी जे बोललो ते बोलायला नको होतं.

"पण अण्णा," मी म्हणालो, "हे तर आक्कांना तिथल्या तिथेही कळत असेल. नदी समोर आहे. खिडकीतून दिसेल."

अण्णांनी टाक खाली ठेवला. मला वाटलं, आता दौत अंगावर येते.

"अक्कल शिकवतोस?" ते म्हणाले. "ऐक मग. बावीस वर्षं झाली. आक्काचे यजमान तापाने फणफणलेले. ती वाडीत, दवाखाना अलीकडे गावात. मधे नदी. पाणी चढल्याशिवाय होडी निघत नाही. वेळ मी काढली. मी मोठा शहाणा. समुद्राची वेळ काढली आणि धक्क्याचा तास मिळवायला विसरलो. तासभर आधी निघालो. होडी मधोमध चिखलात बसली. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. दवाखान्याची कौलं दिसत होती. मोजता येत होती. पाणी आलं तेव्हा नेऊन उपयोग नव्हता."

मग ते कार्डाकडे बघून ओरडले, "दशमीला कुठवर आलो होतो मी? घालवलीस ना माझी दशमी?"

त्या दिवसानंतर अण्णांनी नदी ओलांडली नव्हती. बंगळूरला निघून आले ते आलेच. दर मे महिन्यात रजा काढून खारेबंदरला जात, आठ दिवस अलीकडच्या काठावर खाणावळीत राहत, गावाशी भांडत आणि परत येत. पलीकडे आक्का. मधे नदी. आक्का आपल्याला दारात उभं करेल का, हा प्रश्न ते बावीस वर्षं खिशात घेऊन हिंडत होते आणि त्याऐवजी जगाला दुसराच प्रश्न विचारत होते. हे मला तेव्हा कळलं. तरीही परीक्षेचा राग गेला नाही, हेही कबूल करतो.

दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी मला बरोबर नेलं. कारण पोस्ट. कार्डं उशिरा पोचतात, आठवडा संपल्यावर आठवड्याच्या वेळा गेल्या तर त्यांचं काय लोणचं घालायचं, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या सांगण्यावरून मी इंग्रजीत चार अर्ज लिहिले होते. कारखान्यातल्या कुणापेक्षाही माझं इंग्रजी बरं, असं ते बाहेर सांगत आणि मला मात्र स्पेलिंग तपासून घ्यायला लावत. पाचवा अर्ज जातीने द्यायचा होता. पण आदल्या वर्षी त्यांनी खारेबंदरच्या पोस्टात इतका आरडाओरडा केला होता की त्यांना आत पाऊल टाकायची बंदी होती. म्हणून मी.

मिरजेपर्यंत आगगाडी, पुढे घाट उतरून एस.टी. शेवटच्या वळणावर उजव्या हाताला नदी दिसते, असं ड्रायव्हर म्हणाला. मी खिडकीकडे सरकलो. अण्णांनी वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

मग माझ्या लक्षात आलं की ह्या माणसाने बावीस वर्षांत नदीकडे पाहिलेलंच नाही. खाणावळीत ते नदीकडे पाठ करून बसत. रस्त्याने जाताना नदीच्या बाजूला छत्री तिरपी धरत, ऊन दुसरीकडून असलं तरी. न्हावी त्यांना येताना बघून खुर्ची आपणहून फिरवून ठेवी. भरती किती वाजता हे ते बंगळूरला बसून मिनिटावर सांगत, आणि पन्नास पावलांवर पाणी आहे की चिखल हे मान वळवून बघत नसत.

मी पोस्टात गेलो. पोस्टमास्तरांनी अर्ज वाचला आणि टेबलावर झोपल्यासारखे वाकून हसले.

"गणू, इकडे ये. बंगळूरहून पंचांग आलंय."

गणू पोस्टमन. त्याने पिशवीतून एक कार्ड काढलं. अक्षर मी ओळखलं. त्या पोरसवदा पोस्टमनने अण्णांसारखा आवाज काढून ते वाचलं. "तृतीया, सव्वातीन. चतुर्थी, चार." टपालाला आलेली तीन-चार माणसं बाकावर बसून ऐकत होती. दर आठवड्याला हे होत असावं, कारण एकजण चहा घेऊन आला होता.

"उशीर कुठला?" पोस्टमास्तर म्हणाले. "आम्ही तर वाट बघतो. पण तुमच्या अण्णांना विचारा, ह्यातली एक तरी वेळ खरी असते का? आज चतुर्थी ना? चारला जा धक्क्यावर. पोहून घ्या."

पुन्हा हशा.

"चुकतात तर त्यांना कुणी सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगून काय? मग गंमत काय राहिली?"

मला आयुष्यात एवढा राग आलेला आठवत नाही. मी भांडणारा माणूस नाही. मी गणूच्या हातून कार्ड हिसकावून घेतलं आणि म्हणालो, दुसऱ्याचं पत्र मोठ्याने वाचणं हा गुन्हा आहे, मी सहावा अर्ज तुमच्या वरिष्ठांना लिहीन. कुणी घाबरलं नाही. बाहेर आलो तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली आणि राग दुप्पट झाला. कॉलेजात मित्रांपुढे अण्णांची नक्कल मीसुद्धा करत आलो होतो. हाच आवाज काढून.

चार वाजता मी धक्क्यावर होतो. पाणी नव्हतं. पायऱ्यांपासून मधल्या धारेपर्यंत नुसता काळा चिखल, त्यात खेकड्यांची भोकं. एक होडी कुशीवर पडलेली. तिथले तरीवाले, म्हणजे माणसं पलीकडे नेणारे होडीवाले, इब्राहिमचाचा सावलीत जाळं विणत बसले होते.

"पलीकडे जायचंय? बसा. साडेपाचला पाणी."

"आज चतुर्थी," मी म्हणालो. "तीन, आणि एक मिळवला की चार."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. "कुणी शिकवलं? पारकरांनी? ते गणित पूर्वीचं बाबा. नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा पडलाय. दहा-बारा वर्षं झाली. पाणी वळसा घालून येतं. तासाच्या वर दीड तास मिळवा आता. अष्टमी-नवमीला तर धक्क्यापर्यंत येतच नाही."

पलीकडच्या पायऱ्यांवर काळी छत्री घेऊन कुणी बाई बसली होती. समोर चिखल, आणि ही बसलेली.

"ती आक्का," चाचा म्हणाले. "कार्डात असते त्या वेळेला येऊन बसते, नवं आलं नसलं तर मागच्या पंधरवड्याच्या कार्डातल्या. रोज. लोक तिलाही वेडी म्हणतात."

साडेपाचला खरंच पाणी आलं. होडी हलली, सरळ झाली, आणि मी पलीकडे गेलो. मी कोण ते सांगितलं, कार्ड हातात दिलं. आक्का साठीच्या पुढच्या, लहान चणीच्या. भुवया थेट अण्णांच्या, फक्त एकमेकींवर धावून न आलेल्या. त्यांनी कार्ड पदराला पुसून पाहिलं.

"आज गणूने हातात नाही आणलं," त्या म्हणाल्या. "वाचून दाखवलं असेल ना सगळ्यांना?"

मी खाली मान घातली.

"असू दे रे. मला अक्षर येत नाही, आकडे येतात. त्याला ठाऊक आहे ते. म्हणून आकडेच लिहितो."

"पण आक्का, ह्या वेळा चुकीच्या आहेत."

"होय तर."

"मग तुम्ही कळवलं का नाही? कुणाकडून तरी लिहवून?"

त्यांनी कार्ड पदराच्या टोकात गुंडाळलं. "होडी चिखलात बसली ना तेव्हा, मी त्याला एवढंच विचारलं. अरे, तास मिळवलास का? रागाने नव्हे रे. मांडीवर ह्यांचं डोकं, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. त्याने माझ्याकडे बघितलं, ते मग पुन्हा कधी बघितलंच नाही. आता पुन्हा सांगू, की बाबा, आणखी दीड तास मिळवायला चुकलास? त्याची कार्डं थांबतील. हात थांबेल त्याचा."

"आणि तुम्ही इथे येऊन बसता?"

"आला तर ह्याच वेळेला येईल ना. दुसरी वेळ त्याला ठाऊकच नाही." त्यांनी छत्री मिटली. "वेळा चुकतात हे तू सांगू नकोस हो त्याला. शपथ आहे माझी."

मी परत आलो तेव्हा सात वाजले होते. अण्णा खाणावळीच्या पडवीत नेहमीच्या खुर्चीवर, नदीकडे पाठ करून बसले होते. अर्जाचं काय झालं, असं त्यांनी विचारलं आणि मला काय झालं ते मला अजून कळत नाही. मी मोठ्या माणसावर कधी आवाज चढवलेला नाही. त्या दिवशी चढवला. म्हटलं, अर्ज गेला खड्ड्यात, मी पलीकडे जाऊन आलो. तुमची बहीण तुमच्या कार्डातल्या वेळेला रोज त्या पायरीवर येऊन बसते. तुम्ही येणार म्हणून. आणि तुम्ही इथे खुर्ची फिरवून बसता. जगावर ओरडता. एकदा पलीकडे जायची हिंमत नाही तुमच्यात.

खाणावळवाला आतून डोकावला. अण्णा ओरडले नाहीत.

"बसते? चारला?"

"चारला."

"पाणी कसं होतं?"

शपथ आठवली. "भरलेलं होतं," मी म्हणालो.

अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वर्षानुवर्षं माणसांच्या वेळा नोंदवणारा तो माणूस. "चारला पाणी भरलं होतं," ते सावकाश म्हणाले, "तर पलीकडे जाऊन यायला तुला सात कसे वाजले?"

मी त्यांच्या चपलांकडे बघत राहिलो. चारला धक्क्याखाली उतरलो होतो, त्याचा चिखल माझ्या पायांना गुडघ्यापर्यंत होता, तोही त्यांनी पाहिला असणार.

सकाळच्या पहिल्या एस.टी.ने आम्ही निघालो. रजा पाच दिवस बाकी होती. वळणावर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं नाही. डोळे मिटून घेतले.

पुढच्या शनिवारी अण्णा अंगणात आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. लक्ष्मम्मांनी सवयीने नळ बंद ठेवला होता, त्या तासभर वाट बघून म्हणाल्या, "काय झालं रे? आज गणित नाही?" मी काय सांगणार? आक्का म्हणाल्या होत्या तेच झालं होतं, आणि शपथ न मोडता ते मी केलं होतं. आता तिकडे पायरीवर त्या कुठल्या वेळेला येऊन बसत असतील, हे डोक्यात येई आणि पुस्तक मिटावं लागे. पोस्टमास्तरांचा राग आला होता तो कितीतरी सोपा होता. हा स्वतःवरचा होता. मी आक्कांना एक पत्र लिहिलं, मग त्यांना अक्षर येत नाही हे आठवून फाडलं.

अण्णा माझ्याशी बोलत नव्हते. कुणाशीच नव्हते. लक्ष्मम्मा "स्वल्प तडीरि" म्हणाल्या तरी मिनिटं विचारत नव्हते. भोंग्याच्या आधी फाटकाशी माणसं बिड्या ओढतात आणि गंटेअण्णा खिडकीत गप्प बसतात, असं कारखान्यातला एकजण सांगत आला. त्याला करमत नव्हतं.

दिवाळीनंतर ते निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आलो तर कोपऱ्यातली खोली रिकामी. दाराशी कडीला माझ्यासाठी त्यांचं गजराचं घड्याळ टांगून ठेवलं होतं. कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं मुंबईला, कुणी म्हणालं काशीला. मी मनात म्हटलं, कुठेही जातील, नदी नसलेलं गाव शोधतील.

गेल्या महिन्यात कार्ड आलं. माझ्या नावाचं. टपालाच्या शिक्क्यावर खारेबंदर, आणि तारीख बघितली तर चौदा दिवसांपूर्वीची. मला पोस्टाचा असा काही राग आला की मी तिथल्या तिथे सहाव्या अर्जाचं पहिलं वाक्य इंग्रजीत जुळवू लागलो. मग कार्ड उलटं केलं.

सात ओळी होत्या. मायना नाही, सही नाही. तृतीयेपुढे पावणेपाच. चतुर्थीपुढे साडेपाच. अष्टमी आणि नवमीपुढे लिहिलं होतं, पाणी नाही.

आणि ह्या खेपेला खाली आठवी ओळ होती. "पायरीवर बसून पाहिले. दोघांनी."